कोण यायचं राहिलंय?

आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. वडील वाचायचे, चुलते अर्थ सांगायचे. पोथी गुंडाळलेल्या बासनाची गाठ सोडायच्या आधी वडील दरवाजाकडं बघून विचारायचे, "कोन यायचं ऱ्हायलंय?" कुणी राहिलं असेल तर त्याच्यासाठी थांबायचं. मग भूक लागो नाहीतर झोप येवो, गाठ सुटायची नाही.

पुढं गावातल्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडं आली, तेव्हा ही रीतही माझ्याबरोबर तिथं आली. आमचं गाव बोरीच्या पुढं. गुरुवारी बाजार असायचा. बाजार उरकला की सतरंजीवर माणसं बसायची आणि मी एक पुस्तक मोठ्यानं वाचायची. पुस्तक मी बासनातच बांधून ठेवायची. वाचता येणारे थोडे, ऐकणारे लय. गावकुसाबाहेरच्या वस्तीवरच्या एक मावशी होत्या, खुरपायला जायच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण मागच्या गुरुवारी गोष्ट कुठं थांबली ते बिनचूक सांगायच्या. पुस्तकात खूण ठेवायची मला कधी गरजच पडली नाही.

मग वाचनालयाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं, "ग्रंथपालनाचं प्रमाणपत्र काढा, न्हाईतर किल्ली दुसऱ्याकडं द्यावी लागंल." मी परभणीच्या वर्गाला नाव घातलं. पहाटेची एसटी, दिवसभर वर्गीकरणाचे आकडे, तालिका, नोंदपत्रं. शिकले, आवडलंही. पण सर म्हणाले की नोंदवहीत नाव असतं तोच वाचक, आणि वाचनालयात शांतता हवी. तेव्हा मी उठून आमची गुरुवारची रीत सांगितली. सर हसले. "बाई, ग्रंथालय आहे ते. भजनी मंडळ नव्हे."

सगळा वर्ग खिदळला. मी पण हट्टाला पेटले. प्रात्यक्षिकाला प्रत्येकानं आपल्या वाचनालयात सरांसमोर तासभर एक उपक्रम घ्यायचा होता. मी लिहून दिलं : सामूहिक वाचन, गुरुवार.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे होते. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण हॉटेलात, पाणवठ्यावर माणसं एकमेकांकडं बघेनाशी झाली. वस्तीवरची माणसं वाचनालयात यायची थांबली. येऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. या असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण त्या चार महिन्यांत गाठ सोडताना मी तो प्रश्न विचारणंच सोडून दिलं होतं.

परीक्षेच्या गुरुवारी सतरंजी भरलेली. सर खुर्चीवर, हातात घड्याळ. अध्यक्ष नवं धोतर नेसून आलेले. मी बासन मांडीवर घेतलं आणि सरांना आमची रीत दाखवायची म्हणून ठसक्यात विचारलं, "कोन यायचं ऱ्हायलंय?"

मग एक म्हातारबुवा खाकरून म्हणाले, "समदे आल्यात. करा सुरू."

माझा हात गाठीवरच थांबला. "मावशी न्हाई आल्या," मी म्हणाले.

"अवो बाई, परीक्षा हाय तुमची!" अध्यक्ष कुजबुजले. सर म्हणाले, "वेळ सुरू झालीय." मी बासन सतरंजीवर ठेवलं, चपला घातल्या आणि तडक वस्तीची वाट धरली.

मावशी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मला बघून सूप थांबलं नाही.

"आता आठवन झाली व्हय?"

"चूक झाली मावशी. माझीच हाय."

"गोष्ट कुठं थांबली व्हती, सांगा बरं."

मला आठवेना. त्यांच्यामागं पुस्तक कितीतरी पुढं गेलं होतं.

"आज न्हाई यायची मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या सायबाला दाखवायला तर बिलकुल न्हाई. फुडल्या बेस्तरवारी बघू."

बरोबरच बोलल्या. मला राग आला तो माझाच. परत आले तोवर तास संपला होता. सरांनी शेरा लिहिला, 'वाचन झाले नाही.' मी नापास. अध्यक्षांनी हात पुढं केला, मी किल्ली दिली. पुन्हा परीक्षेला बसायचं, दहादा बसायचं, हे मी तिथंच ठरवलं.

पुढच्या गुरुवारी मी घरीच. भाकरी थापत होते आणि सगळा राग पिठावर काढत होते. दारात सावली पडली. मावशी!

"काय करायलात? चला की!"

"किल्ली आता माझ्याकडं न्हाई, मावशी."

"ठावं हाय. अध्यक्षानं दार उघडलंय, पुस्तकबी काढलंय. पर बासन कुनी सोडंना. मी म्हनलं, कोन यायचं ऱ्हायलंय? तर समदे म्हनले, बाई ऱ्हायल्यात."

पिठाचे हात तसेच पदराला पुसले, तवा उतरवला आणि निघाले. मावशी पुढं झपाझपा चालत होत्या. वाचनालयाच्या पायरीपाशी त्या मागं वळल्या.

"गोष्ट इहिरीपशी थांबलीय," त्या म्हणाल्या. "मी यायचं सोडलं तवा. तितूनच वाचायचं."