खरवडलेल्या भिंती

कॉलेजच्या वाटेवर जुन्या दिवाणांचा ओसाड बंगला आहे. दुरुस्तीसाठी त्याचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि काम थांबलं. नवा गिलावा चढलाच नाही. आता उघड्या विटा पावसात भिजून झडतात. कुणी हात लावला नसता तर बरं झालं असतं, असं वाटतं.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझी घरची बोलीही बहुधा अशीच निघून गेलीय. इथली भाषा नीट चढलेली नाही, म्हणून वर्गात अजून तोंड उघडत नाही. आणि काल फोनवर आई हसली, "काय गं, बातम्या सांगतीस व्हय? आपल्यासारखं बोल की!"

मी बोलून पाहिलं. ते माझं मलाच खोटं वाटलं. मग मी नुसतं हं-हं करत राहिले.

"बरं, ठिवते," आई हळूच म्हणाली. "तुला काम असंल."

मला काहीच काम नव्हतं.