सूर्यण्णांची करंटवरची ऑटो

चामराजपेटच्या ऑटो स्टँडवर सूर्यकांत मोहिते म्हटले तर दोघांतिघांनाच कळेल. तिथे ते सगळ्यांचे सूर्यण्णा. मोहिते घराणे चार पिढ्यांपासून बेंगळुरूत आहे. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात 'स्वल्प थांब' (थोडं थांब) आणि 'सरी, निघू या' (बरं, निघू या) असे कन्नड इतके मुरले आहे की पुण्याहून आलेल्या सुनेला पहिले काही महिने निम्मेच समजायचे.

सूर्यण्णा बासष्ट वर्षांचे. त्यांतली चौतीस वर्षे ऑटो चालवण्यात गेली. बाकीचे ऑटोवाले लांबच्या भाड्याची वाट बघत बसतात, जवळचे भाडे आले की मान फिरवतात. सूर्यण्णांचे उलटे. चिकपेटला साड्यांचे गठ्ठे आणायला निघालेला दुकानदार, मार्केटातून फुलांच्या टोपल्या आणणारी बाई, दवाखान्यात जाणारा म्हातारा, ही त्यांची माणसे. दीड-दोन किलोमीटर जायचे, उतरवायचे, परत यायचे. "लांब गेलं की माणूस एकदाच भेटतो," असे ते म्हणत. जवळची माणसे पुन्हा पुन्हा भेटतात, याचे त्यांना मोल होते.

पण जवळच्या भाड्यांना क्लच फार लागतो. चिकपेटच्या वाटेवर वीस पावले गाडी पुढे गेली की थांबायचे, डाव्या हाताने क्लच दाबायचा, मूठ पिळून गिअर बदलायचा, पुन्हा वीस पावले. दिवसाकाठी हे किती वेळा होते ते कोणी मोजलेले नाही, पण सूर्यण्णांच्या डाव्या हाताने मोजले होते. गेल्या वर्षापासून सकाळी उठल्यावर त्या हाताची दोन बोटे दुमडलेलीच राहत. त्यांच्या पत्नी वासंतीबाई कोमट पाण्यात हात धरून एकेक बोट सरळ करून देत, मग ते निघत.

दिवाळीनंतर दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. त्यांच्या गॅसवरच्या ऑटोचे वय भरले. आता ती काढून नवी घेणे भाग होते. आणि डॉक्टर म्हणाले, "अण्णा, क्लच सोडा. नाहीतर हा हात पेला धरायच्याही कामाचा राहणार नाही."

"क्लच सोडा म्हणजे ऑटोच सोडा म्हणाले की," सूर्यण्णा घरी येऊन म्हणाले.

"सगळ्या ऑटोंना क्लच असतो असं कोणी सांगितलं?" वासंतीबाई म्हणाल्या. "परवा मी मार्केटातून आले ती करंटवरची होती, बॅटरीची. तो पोरगा नुसता कान पिळल्यासारखं करत होता. आवाज नाही, काही नाही. मला वाटलं उतारावरनं ढकलत नेतोय."

स्टँडवर बसवंतला हे सांगितले तेव्हा तो मनापासून हसला. बसवंत सूर्यण्णांहून वीस वर्षांनी लहान, त्याची ऑटो गॅसवरची आणि अगदी नवी.

"करंटवरची? अण्णा, गॅस पाच मिनिटांत भरतो. तुम्ही मोबाइलसारखी वायर लावून बसणार, आणि मार्केटात मधेच बंद पडली की मलाच फोन करणार, 'बसवंता, ढकलायला ये.'"

"तुला कशाला फोन करीन? तू भाडं सोडून येणार आहेस थोडाच?"

"तेही खरंच," बसवंत म्हणाला.

सूर्यण्णा हसले, पण आठवडाभर रोज संध्याकाळी मीटरपाशी वाकून आकडा बघत राहिले. सकाळपासून इतकी भाडी, इतकी धावपळ, आणि गाडी चालली होती पंचेचाळीस किलोमीटर. एका दिवशी बावन्न. शोरूममधल्या मुलीने सांगितले होते की करंटवरची ऑटो एका चार्जिंगमध्ये याच्या दुप्पट सहज जाते. तिथे चालवूनही पाहिली. डावा हात मांडीवर ठेवून ते त्या गल्लीला दोन फेऱ्या मारून आले आणि उतरल्यावर थोडा वेळ हाताकडे बघत राहिले. तो दुखत नव्हता.

प्रश्न उरला प्लगचा. सूर्यण्णा राहतात ते शारदाबाईंच्या घराच्या माडीवर, दोन खोल्यांत, भाड्याने. ऑटो खाली फाटकाच्या आत उभी असते. माडीवरून वायर सोडायची तर मालकिणीला विचारायला हवे, खाली प्लग बसवायचा तर विचारायलाच हवे. आणि विचारणे ही गोष्ट सूर्यण्णांना जमत नसे. सव्वीस वर्षांत त्यांनी शारदाबाईंकडे काही मागितले नव्हते. नळ गळला तर स्वतः दुरुस्त केला, भिंतीचा रंग गेला तर स्वतः लावला. मुलाच्या लग्नात पाहुण्यांना झोपायला जागा नव्हती तेव्हा खालची रिकामी खोली त्यांनी मागितली नाही. पाहुणे पाळीपाळीने झोपले.

मुलाने, तनयने, फोनवर सोपा उपाय सांगितला. "बाबा, इकडे के. आर. पुरमला शिफ्ट व्हा ना. आमच्या बेसमेंटमध्ये चार्जिंग पॉइंट आहे, पार्किंग आहे. कोणाला विचारायला नको."

"तिकडं मला ओळखतं कोण?"

"ओळखायचं काय त्यात? अ‍ॅपवर भाडी येतात."

"सरी, बघतो," सूर्यण्णा म्हणाले. घरात त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे तनयलाही माहीत होते.

आता उरले तीन रस्ते. गॅसवरची घ्यावी तर हात जाणार. करंटवरची घेऊन मुलाकडे जावे तर चामराजपेट जाणार. नाहीतर शारदाबाईंना विचारावे. जुनी ऑटो मोडीत काढायला तीन आठवडे उरले होते.

शारदाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कन्नड शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या पत्नी, आता एकट्या. दर गुरुवारी त्या सूर्यण्णांच्या ऑटोतून मठात जात. तेव्हा विचारायचे असे सूर्यण्णांनी ठरवले. ऑटोवाल्याची एक सोय असते: बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावे लागत नाही. पाठ माणसाकडे, नजर रस्त्यावर, आणि अगदीच वाटले तर छोट्या आरशात चेहरा दिसतो.

पहिला चौक गेला, बोलणे झाले नाही. दुसरा गेला. मठाचे वळण आले तेव्हा सूर्यण्णा सरळ पुढे गेले.

"सूर्या, मठ डावीकडे आहे," मागून शारदाबाई म्हणाल्या. त्या कन्नडमध्येच बोलत, हेही कन्नडमध्येच उत्तर देत.

"तिकडं खोदून ठेवलंय, अम्मा."

"काल तर नव्हतं." आरशात त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. "काय झालंय? घर सोडतोयस का? वासंती म्हणाली, मुलगा बोलावतोय."

"नाही अम्मा. म्हणजे, तसंच नाही." आणि मग, पुढच्या बसकडे बघत, त्यांनी सगळे एका दमात सांगून टाकले: बोटे, डॉक्टर, क्लच, नवी ऑटो, फाटकाजवळ एक प्लग, मीटर वेगळा लावू, पैसे मी देईन, भिंतीला इजा होणार नाही.

बस हलली, तशी ऑटोही हलली.

"जमायचं नाही रे," शारदाबाई म्हणाल्या. "घरातल्या वायरी माझ्या लग्नाच्या वेळच्या आहेत. गीझर आणि मिक्सर एकदम लावला की फ्यूज जातो. मागच्या वर्षी लाइनमन म्हणाला, अम्मा, आता यावर एक दिवासुद्धा वाढवू नका. सगळं बदलायचं तर भिंती फोडाव्या लागतील. माझ्याच्यानं ते आता होणार नाही."

"सरी, अम्मा."

"रागावलास?"

"नाही." आणि हे बोलताना सूर्यण्णांच्या लक्षात आले, की ते खरेच रागावले नव्हते. सव्वीस वर्षे ज्या उत्तराला ते भीत होते ते येऊन गेले होते, आणि ऑटो तशीच चालली होती.

मठापाशी उतरताना शारदाबाई दांडीला धरून थांबल्या. "एक सांगू? तू कधी काही मागितलं नाहीस. मला वाटायचं, याला आपल्याकडून काही नको आहे, मानी माणूस आहे. मग मलाही तुला काही सांगायला जड जायचं. हा गुरुवारसुद्धा गुडघे गेले म्हणून मागितला. आज पहिल्यांदा तू काही मागितलंस आणि मला नाही म्हणावं लागलं. वाईट वाटतंय, पण मागितलंस ते बरं केलंस."

घरी आल्यावर वासंतीबाईंनी चेहऱ्याकडे बघितले. "हो म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

"मग हसताय कशाला?"

"माहीत नाही. कॉफी दे. मग अजून दोघांना विचारून येतो."

वासंतीबाई कॉफी गाळता गाळता थांबल्या. लग्नाला छत्तीस वर्षे झाली होती, आणि हे वाक्य त्यांनी या माणसाच्या तोंडून ऐकले नव्हते.

सूर्यण्णा आधी समाजाच्या मंगल कार्यालयात गेले. व्यवस्थापक म्हणाला, कमिटीपुढे ठेवावे लागेल, आणि कमिटी कधी बसेल ते कमिटीलाच ठाऊक. तिथून ते पलीकडच्या क्रॉसवरच्या, म्हणजे आडव्या गल्लीतल्या, कृष्णमूर्तींच्या पिठाच्या गिरणीत गेले. पीठ झाडून गिरणी बंद करण्याची वेळ होती. कृष्णमूर्तींच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.

"प्लग?" त्यांनी विचारले. "माझं मशीन चालू असताना जमणार नाही. दुपारी एक ते चार बंद असतं."

"तेवढा वेळ पुरे. मीही तेव्हाच जेवायला घरी जातो."

"तीन तासांत भरते?"

"पूर्ण नाही भरत. पण मला एका दिवसात जायचं असतं तेवढी भरते. शोरूममध्ये विचारून आलोय."

कृष्णमूर्तींनी मान हलवली, मग डोके खाजवले, पीठ खाली पडले. "माझ्या वायरमनला दाखवू दे. गुरुप्रसाद सोमवारी येतो. तो हो म्हणाला तर माझी हरकत नाही. करंटचं बिल तुझं. आणि एक काम करशील? आठ-दहा म्हाताऱ्या माणसांना दळणाचा डबा उचलून नेता येत नाही. पूर्वी सगळी पोरं घरात असायची, आता कुणाचं पोर अमेरिकेत, कुणाचं तिकडं लांब व्हाइटफील्डला. संध्याकाळी जाता जाता डबे पोचवशील?"

"ते तर माझंच काम आहे," सूर्यण्णा म्हणाले.

सोमवारी गुरुप्रसादने बोर्ड उघडला, टॉर्च मारून आत बघितले आणि म्हणाला, मशीन बंद असेल तर याच्यावर दोन ऑटो चालतील. मंगळवारी सूर्यण्णा शोरूममध्ये जाऊन आले.

नवी ऑटो आली त्या दिवशी बसवंत तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. वाकून खाली बघितले, जणू इंजिन कुठेतरी लपवले असेल. "आवाज नाही म्हणता, मग भाड्याला कळणार कसं तुम्ही आलात ते?"

"मी हाक मारीन," सूर्यण्णा म्हणाले.

पुढच्या गुरुवारी शारदाबाई नव्या ऑटोत बसल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली तरी त्या म्हणाल्या, "चालू कर ना." मग रस्ता मागे सरकताना दिसला आणि त्यांनी दांडी घट्ट धरली. चौकात गर्दी होती. गाडी थांबली, निघाली, पुन्हा थांबली. सूर्यण्णांचा डावा हात नुसता मुठीवर टेकलेला होता, बोटे सरळ.

मठ जवळ आला तेव्हा शारदाबाईंनी घसा साफ केला.

"सूर्या, रविवारी मला बहिणीकडं जायचंय, बसवनगुडीला. दीड वर्ष झालं गेले नाही. तुला वेळ असेल तर…"

"किती वाजता, अम्मा?"

"आणि येताना तिच्याकडचं एक लोखंडी कपाट आणायचंय."

सूर्यण्णांनी आरशात बघितले. शारदाबाई बाहेर बघत होत्या.

"कपाट या ऑटोत बसणार नाही, अम्मा. त्याला नाही म्हणतो. तुम्हाला नेतो."

"सरी," शारदाबाई म्हणाल्या. "दहा वाजता ये."