अण्णांच्या झाडाचा शेंडा

शेजाऱ्यांकडे डोकावायची माझी सवय वाईट, मान्य. पण बंगळूरला बसवनगुडीत आमच्या कंपाउंडपलीकडे अण्णा राहत असताना न डोकावून कसं चालेल? आठवड्याला एक तरी किस्सा जमायचा.

अण्णा फॉरेस्ट गार्ड म्हणून रिटायर झालेले. पूर्वीची झाडं किती उंच, हा त्यांचा लाडका विषय. एकदा म्हणाले, घाटात एक झाड आडवं पडलेलं. जेवण करून बुंध्यापासून चालायला लागलो, शेंड्याला पोचलो तर कॉफीची वेळ!

आमचे हे म्हणाले, "मध्ये झोपला असाल."

*

मी विचारलं, आता का नाही वाढत तशी? अण्णा म्हणाले, दाट जंगलात उजेडासाठी झाडांची चढाओढ लागते, आणि शेकडो वर्षं त्यांना कुणी हात लावत नाही. मग स्वतःच्या परसातल्या सिल्व्हर ओककडे बघून म्हणाले, "हा कुणाशी चढाओढ करणार? तुमच्या अँटेनाशी?"

*

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली तोच ओक आमच्या स्वयंपाकघराकडे कलला आणि माझी झोप उडाली. तोडूनच टाका, असं ह्यांनी सांगितलं. अण्णांनी हाताएवढी काठी हात लांब करून समोर उभी धरली आणि झाड काठीएवढं दिसेपर्यंत उलटे चालत सुटले. मधल्या फाटकातून आत, तुळशीला वळसा घालून, थेट माझ्या धुण्याच्या दगडाशी थांबले. मागे दोन पावलांवर स्वयंपाकघराची भिंत.

"पडलं तर शेंडा इथवर. भिंत सेफ."

जंगलात असंच माप काढायचे म्हणे.

*

ह्यांनी झाड तोडणारा बोलावला. अण्णांनी त्याच्याही हातात काठी दिली. तोही उलटा चालत दगडाशीच थांबला, 'सरी', म्हणजे बरोबर, म्हणाला आणि कॉफी पिऊन निघून गेला.

मी मात्र गॅसची शेगडी पलीकडच्या भिंतीला हलवली.

*

एप्रिलमध्ये एका दुपारी वारं सुटलं. मी ताक घुसळत होते. असा आवाज झाला की हातातली रवीच सुटली. बाहेर येऊन बघते तर ओक आडवा, शेंड्याची पानं दगडावर पसरलेली, आणि भिंतीवर ओरखडासुद्धा नाही! मी तिथंच पायरीवर बसले. हसावं की रडावं कळेना. ह्यांनी दोनदा भिंतीवरून हात फिरवला.

अण्णा बुंध्यापासून पावलं मोजत आले. दगडावरचा शेंडा उचलून बघितला, परत अलगद ठेवला.

"अजून शंभर वर्षं मिळाली असती ना अक्का," ते हळहळून म्हणाले, "तर तुमचं स्वयंपाकघर नक्की गेलं असतं."