वासावरून मीठ ओळखणारी मावशी

गयामावशी गेल्याचा सुनंदाताईचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात एका पर्यटकाच्या मोडलेल्या पायाची फाइल बघत होतो. "आई गेली रे... सकाळी देवापुढं बसली ती उठलीच न्हाई," एवढंच ताई बोलली. ती मावशीची एकुलती लेक, पूर्णेला दिलेली. मी मिळेल त्या बसने परभणी गाठली, खांदा दिला, तिसऱ्या दिवशी परत आलो. आता दीड महिना होत आला. तिच्या गल्लीतली माणसं अजून फोन करून म्हणतात, "तुम्ही मावशीचं लय केलं." ते ऐकवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मावशी माझ्या नात्यातली नव्हे. एसटी स्टँडच्या मागे तिची खानावळ होती. मी चारठाण्याकडच्या एका खेड्यातून परभणीला कॉलेजला आलो, आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. खोलीत आम्ही चौघे, अभ्यासाला जागा नाही. दुपारची गर्दी ओसरली की मी मावशीच्या बाकावर पुस्तकं मांडायचो. तिने कधी उठवलं नाही. मी वकिलीला प्रवेशसुद्धा घेतला नव्हता तेव्हापासून ती मला वकीलसाहेब म्हणायची. "वकीलसाहेब, पाय वर घ्या, झाडायलेय मी." परीक्षेच्या दिवसांत ताटात न मागता आणखी एक भाकरी पडायची आणि वर टोमणा, "खावा. रिकाम्या पोटी कायदा डोक्यात शिरत नसतोय." मी आज जो काही आहे, तो त्या बाकावर झालो.

मावशी स्वयंपाक करताना कधी चाखायची नाही. पहिलं ताट देवाला, त्याआधी जिभेला काही लावायचं नाही, हा तिच्या सासूने घालून दिलेला नियम. त्यामुळे चाळीस माणसांची आमटी ती नुसत्या वाफेवर ओळखायची. झाकण काढायचं, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचं... आणि म्हणायचं, "मीठ कमी हाय." रोज जेवायला येणारा एक कंडक्टर तिला छेडायचा, "मावशी, मिठाला कुठं वास असतो व्हय?" ती म्हणायची, "तुमच्या नाकाला तिकिटांची सवय. तुमाला काय कळायलंय!" तो चाखून बघायचा आणि वाटी पुन्हा पुढे करायचा.

वकील झाल्यावर मी छत्रपती संभाजीनगरात एका ज्येष्ठ वकिलांकडे लागलो. अपघातात जखमी झालेल्यांचे दावे ते चालवतात. दावा कितीला मिटेल याचा अंदाज काढणं हे माझं काम. वय, कमाई, दवाखान्याची बिलं, डॉक्टरांनी लिहिलेलं अपंगत्व, सगळं मांडून आकडा काढायचा. वेरूळ-अजिंठ्यामुळे शहरात बारा महिने बाहेरची माणसं. ती जखमी झाली की त्यांना एकच घाई असते, घरी जायची. तारखांना इतक्या लांबून कोण येणार? म्हणून मोडलेल्या हाडाचं तेवढं धरायचं, जे सिद्ध करायला वेळ लागेल ते सोडायचं आणि लोकअदालतीत तडजोड करून टाकायची. मला या लवकर मिटवण्याची सवय लागली. सर कौतुक करायचे, मलाही बरं वाटायचं.

चार वर्षांपूर्वी बचत गटाच्या बायकांबरोबर मावशी वेरूळला आली. दर्शन झालं, आणि लेण्यांकडे जाताना रस्त्यात पर्यटकांच्या एका जीपने तिला उडवलं. उजवं मनगट मोडलं, डोक्याला मागून टाके पडले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "माझा वकील ह्याच गावात हाय, त्याला बोलवा." दावा अर्थातच मी केला.

लोकअदालतीच्या दिवशी माझ्या हातात अकरा फायली होत्या. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. कागद पुढे केला तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, मला वास येईना झालाय रे. फोडणी दिली तरी कळत न्हाई."

"सर्दी असेल मावशी. जाईल."

"सात महिने सर्दी?"

मी घड्याळाकडे बघितलं. "आता नाकाचं काढलं तर पुन्हा तपासण्या, पुन्हा तारखा. परभणीहून किती खेटे घालशील?"

"तू म्हनतूस तर बरोबरच असंल," ती म्हणाली आणि त्या वाकड्या मनगटाने सही केली. अशी तडजोड पुन्हा उघडता येत नाही. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. बाहेर आल्यावर सोबतच्या बायांना ती सांगत होती, "माझ्या पोरानं एका दिवसात निकाल लावला."

वर्षभराने बाहेरगावच्या एका आचाऱ्याची फाइल माझ्याकडे आली. तोही लेणी बघायला आलेला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, डोक्याला मागून मार लागल्याने वास घेण्याची शक्ती कायमची गेली. आचाऱ्याचं नाक म्हणजे त्याची रोजीरोटी, असं सरांना पटवून मी त्याचा वेगळा आकडा धरला. तो लिहिता लिहिता पेन थांबलं... मावशीच्या फायलीत तिच्या धंद्याचा रकाना मीच भरला होता. खानावळ.

त्याच रविवारी परभणीला गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. भर जेवणाच्या वेळी खानावळीत दोनच गिऱ्हाइकं होती. कंडक्टर नव्हता. मावशी वाढता वाढता विचारत होती, "बघा बरं, मीठ?" मला बघून हसली. "काय सांगू वकीलसाहेब, आधी देवालाच अळणी जेवण जायलंय. त्यो बी बोलत न्हाई." मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने आतून स्टीलचा डबा आणला. माझ्यासाठी येसर केलं होतं. गहू, डाळ, धने मंद आचेवर भाजून दळलेलं हे पीठ आमटीला लावतात, आणि भाजणं कुठे थांबवायचं हे फक्त वासावर कळतं. तिने झाकण काढून डबा माझ्या नाकापुढे धरला. "खरं सांग. करपलं तर न्हाई?"

करपलं होतं.

"मस्त झालंय मावशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग झाकण लावत म्हणाली, "तू म्हनतूस तर बरोबरच असंल." मी काहीच न सांगता संध्याकाळच्या गाडीने परत आलो. पुढच्या दिवाळीपर्यंत खानावळ बंद झाली. त्यानंतर अनेकदा भेटलो, दरवेळी सांगायचं राहिलं. राहिलं म्हणणंही खोटं आहे. मी सांगितलं नाही.

तो डबा आमच्या फडताळात आहे. बायकोने एकदा त्याची आमटी केली, कडू झाली. टाकून देऊ का विचारलं तर मी नको म्हणालो, का ते सांगितलं नाही. परवा घरात कोणी नसताना डबा खाली काढला. झाकण उघडलं, तिच्यासारखे डोळे मिटले. दोन वर्षं उलटून गेली तरी तो जळका वास तळाशी होता.

"करपलंय मावशी," मी म्हणालो.