कुंकू लावलेला ब्रेक

माझी जुनी पिकअप दिसली की अख्ख्या जयपूरला सल्ला सुचतो. सोडाल्याच्या सिग्नलवर शेजारचा ऑटोवालाही मान बाहेर काढून ओरडतो, "अंकलजी, डिस्क ब्रेक लगवा लो!" का लगवा लो? नीट बसवलेला ड्रम ब्रेक गाडी जागच्या जागी, सरळ थांबवतो. पण ऐकतो कोण!

घरात तर बायकोने बजावलंच होतं, "ब्रेक दाबला की ही एका बाजूला ओढते. दसऱ्याला सरळ थांबली तर ठेवू. नाहीतर विकायची."

मी पेटलो. झोटवाड्यात पुढचे दोन्ही ड्रम आतून गुळगुळीत करून घेतले, नवे ब्रेक-शू आणले, त्यांच्यावरचे घर्षणाचे पट्टे, म्हणजे लायनर, ड्रमच्या गोलाईला चिकटून बसेपर्यंत घासले. उजवं चाक जोडून झालं आणि खंडेनवमी उजाडली. बँकेने बदली कुठेही करावी, आमच्या घरी त्या दिवशी अवजारांची पूजा होतेच. डाव्या चाकाचे शू पान्यांशेजारी पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि भक्तिभावाने चाकात बसवले.

दसऱ्याला बायको मांडीवर बासुंदीचं पातेलं घेऊन बसली. झालान्याच्या वळणावर ब्रेक दाबला, तर गाडी अशी उजवीकडे ओढली की अर्धी बासुंदी साडीवर!

"विका," ती म्हणाली.

तिथूनच दुकानदाराला फोन लावला. "नकली माल दिया आपने!"

"साहब, दोनों पहियों का माल एक ही डिब्बे का है," तो उखडला. "दायाँ पकड़ रहा है ना? तो बायाँ खोलकर देखो!"

काय हा उद्धटपणा! त्याला खोटं पाडायचं म्हणूनच घरी येऊन डावं चाक उतरवलं. लायनरवर लालभडक, तेलकट स्वस्तिक.

"कुंकू पाण्यात कालवा, म्हणाले होते ना मी?" बायको म्हणाली.

"पाण्याने ते लायनरवर ठरेना गं. म्हणून तेलात..."

"ब्रेकला तेल! धन्य आहात!"

तेल प्यालेला लायनर कसला धरतोय! दोन्ही बाजूंना पुन्हा नवे शू घातले, कोरडे ठणठणीत. कुंकवाचं बोट फक्त बंपरला.

रविवारी बायको ताकाचं पाऊण भरलेलं पातेलं घेऊन बसली. सोडाल्यात गाय आडवी आली. ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. ताक हिंदकळलं, पण थेंब सांडला नाही.

"ठेवा गाडी," बायको म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या ऑटोतून मान बाहेर आली. "वाह अंकलजी! डिस्क लगवा ली?"

मी दार उघडून उतरतच होतो. बायकोने एका हाताने पातेलं सांभाळलं आणि दुसऱ्याने माझा सदरा धरला.