भाकरी वगळून

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला एक खोड लागते. पहिल्याच ओळीत समोरच्याची गचांडी धरायची. मलाही ती लागली आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो: जवळजवळ दोन वर्षं मी माझ्या बायकोचा रविवार खाल्ला. चवीनं खाल्ला, आठ-नऊ जणांना जमवून खाल्ला, आणि वर गावभर सांगत फिरलो की आमच्या घरी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक मी करतो.

आम्ही लासुर्ण्यात दोन खोल्यांत राहतो. मी ऊसतोड मजुरांच्या संघटनेचं काम करतो. म्हणजे त्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या खोपटांवर हिंडतो, मुकादमांशी भांडतो, अर्ज लिहून देतो, पत्रकं काढतो. बायको पुण्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. घर तिच्या पगारावर चालतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आठवडाभर ती तिकडं खोली करून राहते. शनिवारी संध्याकाळी बारामतीच्या स्टँडवर उतरते, मी मोटरसायकलवर तिला घरी आणतो, आणि सोमवारी उजाडायच्या आत परत स्टँडवर सोडतो. मधला रविवार तेवढा आमचा. आमचा म्हणजे नक्की कुणाचा, ते मी कधी नीट बघितलंच नाही.

मला स्वयंपाक येतो, आणि चांगला येतो. कॉलेजात असताना संघटनेच्या शिबिरांत मला कायम चुलीवर टाकायचे, कारण चर्चेला बसवलं की मी भांडणं काढायचो. साठ जणांची आमटी, शंभर जणांचा भात, घमेल्यात हाटलेलं पिठलं, असं सगळं तिथं शिकलो. त्यामुळे माझ्या हाताला एक रोग जडला आहे. दोन माणसांचा रस्सा मला करताच येत नाही. कांदा चिरायला बसलो की दीड किलो कधी झाला ते कळत नाही, आणि पातेलं निवडताना हात आपोआप सगळ्यात मोठ्याकडं जातो.

रविवारी सकाळी मी भिगवणला जायचो. धरणाच्या फुगवट्यातली चिलापी मासळी तिथं ताजी मिळते, स्वस्त मिळते, आणि अंगानं भरलेली असते. साफ करून घ्यायची, घरी येऊन हळद-मीठ चोळून ठेवायची. सुकं खोबरं काळपट होईतो भाजायचं, कांदा तेलात लाल करायचा, लसूण सढळ हातानं, कोथिंबीर काड्यांसकट, आणि वर घरचं काळं तिखट. रस्स्याला उकळी फुटली की त्याचा वास पार डांबरी रस्त्यापर्यंत जायचा. आठवडाभर मेसच्या पाणचट डाळीवर काढलेल्या माणसाला घरी आल्यावर पोटभर, दणकून जेवायला घालायचं, एवढाच माझा हेतू होता. सुरुवातीला तरी होता.

मग त्या वासामागून माणसं यायला लागली. संघटनेत रीतच अशी आहे की दाराशी आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. पहिल्यांदा पणदऱ्याचे तात्या आले. तात्या आमच्यातले सगळ्यात जुने. पहाटे धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचं आणि मग चळवळीला निघायचं, असा त्यांचा क्रम. पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर आणखी दोघं आले. मग कुणीतरी म्हणालं, एवी-तेवी जमतोच आहोत, तर बैठक इथंच घेऊ. कुणी ठराव केला नाही, कुणी विचारलं नाही. महिन्याभरात माझ्या बायकोची सुट्टी म्हणजे आमच्या समितीची बैठक होऊन बसली.

"ह्या गड्याच्या हाताला लई चव हाय," तात्या भुरका मारत म्हणायचे. "बाईमाणसाला लाजवंल."

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

"आन भाकरी कुणाच्या हातच्या हायेत, तात्या?" आतून बायको विचारायची. तिचं माहेर इंदापूरच्या बाजूचं, त्यामुळे तात्यांशी ती त्यांच्याच बोलीत बोलते.

"तुज्याच की सूनबाई. पर भाकरीचं काय, भाकरी ती भाकरी."

"हे घरी जाऊन आमच्या सासूबाईंफुडं बोलून बघा. तव्यासकट भाईर घालवत्याल."

सासूबाई म्हणजे तात्यांची बायको. सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो. ती पुढचा गोळा घेऊन परातीत थापायला लागायची.

मला भाकरी येत नाही. शिबिरांत भाकरी गावातल्या घराघरांतून फडक्यात बांधून यायच्या, त्यामुळे शिकायची वेळच आली नाही. त्या कुणी थापल्या, कधी उठून थापल्या, हे तेव्हाही आम्ही विचारलं नव्हतं. आभाराच्या भाषणात 'ग्रामस्थांनी भोजनाची व्यवस्था केली' असं म्हणायचो. तर आमच्या घरी वाटणी अशी पडली: रस्सा माझा, भाकरी तिच्या. रस्सा एकदा उकळला की मी मोकळा, बैठकीत जाऊन बसायचो. भाकरी मात्र गरमच लागते, एकामागून एकच होते, आणि शेवटचा माणूस हात धुवेपर्यंत करणारीला उठता येत नाही. ती मागाहून जेवायची, ताटात शेपटीकडचे तुकडे घेऊन.

गेल्या हंगामात बायकांच्या कामावर एक पत्रक काढायचं ठरलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. माणसं दोन, हात चार, पण मोजताना कोयता एकच, आणि नाव नवऱ्याचं. बाई अंधारात उठून भाकरी थापते, पोरांचं आवरते, फडात जाऊन मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि परत येऊन पुन्हा चुलीपुढं बसते. तिची गणती कुठंही नाही. याची मला चीड येते. आजही लिहिताना येते. त्या चिडीतच मी पत्रक लिहिलं, आणि शेवटी, लोकांना वाटू नये की हा नुसता बोलतो, म्हणून एक ओळ टाकली: 'हे पत्रक लिहिणारा कार्यकर्ता सुट्टीच्या दिवशी आपल्या घरचा सगळा स्वयंपाक स्वतः करतो!'

माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी बायको वाचते. तिनं वाचलं नाही तर मी दर वाक्याला उद्गारचिन्ह देतो. त्या रविवारी सगळे पांगल्यावर ती उंबऱ्यात बसून वाचत होती. तिनं उद्गारचिन्हं खोडली, एका ठिकाणी मी 'माताभगिनी' लिहिलं होतं तिथं 'बाया' केलं. मग शेवटच्या ओळीत, 'सगळा स्वयंपाक' याच्या आधी, बारीक अक्षरात लिहिलं: भाकरी वगळून.

कागद माझ्या हातात देऊन ती मोरीकडं गेली. तिथं थांबली. परत आली, कागद घेतला आणि 'भाकरी' पुढं 'व भांडी' असं घातलं.

मी भडकलो. "ही काय थट्टा लावलीस?"

"थट्टा कुठाय? खरं तेच छापायचं, हे तूच म्हणतोस ना?"

"मी तुझ्यासाठी सकाळी सकाळी भिगवणला जातो..."

"माझ्यासाठी? मला चिलापी आवडते का, विचारलंस कधी?"

विचारलं नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही.

"आवडत नाही असं नाही," ती म्हणाली. "पण काटे काढत बसायला अंगात जीव लागतो रे. रविवारी माझ्यात तेवढाही नसतो."

आणि मग तिनं ते सांगितलं, जे मला आधीच माहीत असायला हवं होतं. दवाखान्यात रविवारची सुट्टी सगळ्यांनाच पाहिजे असते. तिला ती मिळते, कारण दर शुक्रवारी ती दुसऱ्या एकीची रात्रपाळी करते. शुक्रवारची रात्र जागून काढायची, शनिवारी स्वतःची पाळी करायची, आणि मग बस धरायची. बारामती आली की कंडक्टर तिला हलवून उठवतो. हे सगळं एका रविवारसाठी, आणि तो रविवार परातीपुढं.

"मजुराला आठवड्याची एक सुट्टी पाहिजे म्हणून तू गळा फाडतोस," ती म्हणाली. "मला मिळते का रे सुट्टी?"

मला उत्तर सुचलं होतं. मला कायमच सुचतं. चळवळीतल्या माणसाचं घर सगळ्यांचं असतं, असं काहीतरी जिभेवर आलंही होतं. पण ते ऐकायला समोर सभा नव्हती. एकच माणूस होतं आणि ते बसल्या जागी पेंगत होतं.

"पुढचे दोन रविवार मी येणार नाही. तिथंच झोपून काढणार आहे," ती उठत म्हणाली. "नंतरचं नंतर बघू. पुढच्या महिन्यापासून दवाखान्यात सुट्टीचा वार कायमचा ठरवून मागतायत. बुधवार घेतला तर रात्रपाळी करावी लागत नाही. पण बुधवारी तू कोप्यांवर असतोस. मग मी इथं येऊन भिंतीशी बोलू?"

ती ओळ मी पत्रकातून काढून टाकली. तिनं दुरुस्त केली होती तशी छापायला पाहिजे होती. तेवढी छाती झाली नाही.

पुढच्या रविवारी मंडळी नेहमीसारखी आली. मी रस्सा केला होता आणि बरोबर बेकरीचे पाव ठेवले होते.

"सूनबाई कुठंय?" तात्यांनी पाव उलटसुलट करून बघत विचारलं.

"नाही आली. आणि तात्या, पुढच्या वेळेपासून बैठक माझ्याकडं नको."

"का रं? बायकोनं सांगितलं व्हय?"

"तिनं नाही सांगितलं. मी सांगतोय. तिला एकच सुट्टी असते."

"मग कुठं घ्यायची?"

"तुमच्याकडं घ्या की पणदऱ्याला."

"माज्याकडं? येड लागलंय का तुला? एवढ्या मान्सांच्या भाकरी कोन थापनार तितं?"

बोलून गेले आणि तात्या थांबले. पाव रस्स्यात बुडवलेला तसाच धरून बसले. कोपऱ्यातला एक जण ठसका लागल्यासारखा हसला आणि लगेच पाणी प्यायला. हल्ली बैठक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर होते, नुसत्या चहावर. लवकर संपते. तात्या माझ्यावर अजून थोडे फुगलेले आहेत.

तिसऱ्या शनिवारी ती आली. त्या दोन आठवड्यांत आम्ही फोनवर बोललो होतो, पण वाराचा विषय तिनंही काढला नव्हता आणि मीही. मोटरसायकलवर मागं बसली तेव्हा मी मान वळवून विचारलं, "उद्या काय खाशील?" ती पुढं सरकली. मग कानाशी येऊन म्हणाली, "शेंगोळे. हुलग्याचे. आई करते तसे."

शेंगोळे मी जन्मात केले नव्हते. सकाळी तिच्या आईला फोन लावला. "जावईबापू, तुमी करनार?" असं त्यांनी तीनदा विचारलं आणि मग नीट सांगितलं. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, तेलाच्या हातानं वळून टोकं जोडायची आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. पीठ मी वाटीनं मोजून घेतलं, दोनदा परत डब्यात टाकलं, तरी चौघांचं झालं. बरोबर भाकरी लागत नाही, नुसतेच ओरपायचे. तिनं ते मागितलं त्यात हेही असणार.

ती एक वाजेपर्यंत झोपली. आत जाऊन उठवावं असं मला चार वेळा वाटलं. एक तर गार होत होतं, आणि कुणी वाहवा करणारं नसलं की मला करमत नाही. बाहेर बसून राहिलो. उठली, तोंड धुतलं, ताटली घेऊन भिंतीला टेकून बसली.

"जाड वळलेस," पहिला घास खाऊन म्हणाली. "आईचे करंगळीएवढे असतात."

पण तिनं तीनदा वाढून घेतलं, आणि तिसऱ्यांदा माझ्या वाट्याचेही उचलले.

"वार कळवायचाय मला," मग ती म्हणाली. "रविवार का बुधवार?"

"सुट्टी तुझी आहे. तुझा हक्क आहे. तू ठरव."

"हे पत्रक झालं. तुला काय पाहिजे ते सांग."

'आमची मागणी आहे' हे मी झोपेतही म्हणू शकतो. दुसऱ्यांसाठी मागायला मला कधी लाज वाटली नाही, अधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटून मागितलं आहे. पण 'मला पाहिजे' म्हणायचं तर त्यामागं संघटना उभी नसते. नाही म्हणाली तर मोर्चा कुणावर काढायचा?

"मला तू इथं पाहिजेस," मी शेवटी म्हणालो. "दर आठवड्याला. पण रात्रपाळी करून नको."

"मग बुधवार घेते," ती म्हणाली. "एक आठवडा मी मंगळवारी संध्याकाळी इकडं येईन, एक आठवडा तू तिकडं यायचं. खोलीत शेगडी आहे, पातेलं लहान आहे."

"बुधवारी कोप्यांवर जायचं असतं..."

"तुझी कामाची सुट्टी कधी असते?"

"मला कुठली सुट्टी?"

"मग घे की. बुधवारी तात्या जातील."

मी लगेच हो म्हणालो नाही. ताटलीतलं लसणाचं पाणी पिऊन संपवलं, आणखी एक कारण शोधलं, सापडलं नाही. मग हो म्हणालो. माझं मत बदलायच्या आत तिनं फोन काढला आणि बुधवार कळवून टाकला.