होकाराचा मोर्चा

मालन भुवड कंपनीवाल्यांना विकली गेली, ही बातमी लालबागच्या त्या चाळीत सकाळी पाण्याच्या वेळेला फुटली आणि नळ जायच्या आत चौथ्या मजल्यावर पोचली. पहिल्या मजल्यावर होती तोवर कॉम्प्युटरवाल्यांनी मालनला टॉवरमध्ये एक खोली दिली होती. दुसऱ्यावर खोलीचा ब्लॉक झाला. तिसऱ्यावर ब्लॉकला गॅलरी फुटली. आणि चौथ्यावर, जिथे बातम्या जिने चढून चढून फुगूनच येतात, तिथे मालनच्या पदरात ब्लॉक, गॅलरी आणि वर आमदारकीचं तिकीटही पडलं.

खरं होतं ते एवढंच, की मालनला एक काळी बॅग मिळाली होती. संगणक कंपन्यांच्या संघटनेने दादरच्या एका हॉलमध्ये सभा भरवली होती, तिथे येईल त्याच्या हातात ती कोंबत होते. बॅगेत एक पेन, एक गुळगुळीत माहितीपुस्तक आणि पाण्याची बाटली. मालनने पुस्तक मुलीला दिलं, पेन शेजारच्या कोंडीरामला दिलं आणि बॅगेतून बाजारातलं सुकट आणायला सुरुवात केली. आठवड्याभरात त्या बॅगेला असा वास लागला, की संघटनेच्या माणसाने ती परत मागितली नसती. ब्लॉक मिळालेली बाई सुकटासाठी भाव करत उभी राहील का, हा साधा प्रश्न चार मजल्यांत एकालाही पडला नाही.

मात्र मालन त्या सभेला गेली होती, पहिल्या रांगेत बसली होती आणि तिने टाळ्या वाजवल्या होत्या, हे अगदी खरं. गिरणगावात एवढंही पुष्कळ झालं. इथे मालकाच्या बाजूने जांभई दिली तरी माणसं तोंडाकडे बघतात.

आणि ती टाळी वाजवणारी कोण? तर बेचाळीस गिरण्यांच्या नाही, पण निदान चार गिरण्यांच्या गेटवर संपाच्या काळात जिच्या आवाजाने सभा उभी राहायची, ती मालन. नवरा कुशाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचा. त्याचा संप तो हिचा संप. पोटात सुगंधा आणि तोंडात घोषणा, असं ते साल गेलं. संप काही मिटला नाही, नुसता विरून गेला. कुशाबा गुहागरकडे गावी गेला तो तिथलाच झाला. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी नवरा-बायकोची गाठ. मालन इथेच राहिली. साड्यांना फॉल लावून तिने पोरगी शिकवली, टायपिंग शिकवलं, कॉम्प्युटरही शिकवला.

सुगंधाला नोकरी लागली ती लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात. शेड तीच, आत काचा, गालिचे आणि थंडी. काम मोठं मजेचं. अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर पेशंट तपासून यंत्रात बोलायचे, ते बोलणं इकडे रात्री यायचं, आणि पोरींनी ते कानाला लावून टाइप करायचं. "आये, आज एका म्हाताऱ्याचं मूत्रपिंड टाइप केलं," सुगंधा सांगायची, आणि मालन हात जोडून म्हणायची, "बरा होऊ दे गो बिचारा."

मग कुणीतरी तक्रार केली, सरकारी साहेब तपासायला आला, आणि कायदा काढून दाखवला: बायकांना रात्री कामावर ठेवता येत नाही. कंपनीने पोरींना दिवसपाळीला टाकलं. दिवसा काम कुठलं? तेव्हा तिकडचे डॉक्टर घोरत असतात. मॅनेजरने गोड शब्दांत सांगितलं, की सरकार संगणक उद्योगासाठी एक विधेयक आणतंय, त्यात रातपाळीला परवानगी आहे. झालं पास तर तुम्ही परत रात्रीला. नाही झालं तर, सॉरी, मुलगे घ्यावे लागतील.

हे ऐकून मालनने हातातली सुई साडीत तशीच टोचून ठेवली. कारण हे वाक्य तिने पूर्वी ऐकलेलं होतं, फक्त त्यात 'सॉरी' नव्हतं. संपाच्या तीन-चार वर्षं आधी ती स्वतः गिरणीत वायंडिंग खात्यात होती. सूत रिळावर भरायचं काम, सगळ्या बायकाच. नवी यंत्रं आली, ती तिन्ही पाळ्यांना चालवायची ठरली. बायका रात्री चालत नाहीत, म्हणून रात्रीला बाप्ये घेतले. मग रोज हजेरीपटावर खाडाखोड कशाला, म्हणून दिवसालाही तेच ठेवले. कायद्याने मालनला रात्रीपासून वाचवलं आणि त्याच दमात नोकरीपासूनही वाचवून टाकलं.

तर अशी ती टाळी.

कोंडीराम पाष्टेला ती फार लागली. कोंडीराम म्हणजे कुशाबाचा जिवलग, युनियनचा जुना कार्यकर्ता. युनियनच्या हापिसात आता तो आणि पंखा असे दोघेच उरलेत, त्यातला पंखा अधूनमधून फिरतो. मालनला घोषणा द्यायला त्यानेच शिकवलेलं. त्याने कठड्याशी उभं राहून तिला गाठलं.

"वहिनी, बायकांची रातपाळी बंद व्हावी म्हणून आपल्या आधीच्या माणसांनी भांडणं केली. तुम्ही ती उघडायला निघालात? एकदा दार उघडलं की मालक पाय घालतो, मग हात घालतो."

"भावोजी, भांडणं केली, मान्य. पण त्या रातपाळीच्या बंदीपायी माझी दिवसपाळीपण गेली. तेव्हा कुठे होते भांडणारे?"

कोंडीरामने तिने दिलेलं पेन खिशातून काढून तिथल्या तिथे परत केलं. दुसऱ्या दिवशी रेशनकार्डाचा अर्ज भरायला मागून नेलं, ती गोष्ट वेगळी.

कंपन्यांच्या संघटनेचा माणूस रघुवीर. दादरच्या हिंदू कॉलनीतला, टायवाला, बोलणं असं धुऊन इस्त्री केलेलं. विधेयकाच्या बाजूने सामान्य माणसं दिसली पाहिजेत, असं त्याला वरून सांगितलेलं. तो मालनच्या खोलीत साड्यांच्या गठ्ठ्यावर टेकून म्हणाला, "मालनताई, आपण पाच-सहा भगिनींनी मंत्रिमहोदयांना निवेदन द्यावं. सोबत पुष्पगुच्छ."

"गुच्छ नेला तर मंत्र्याला वाटेल वाढदिवस आहे. मोर्चा काढू."

"पण ताई, मोर्चा विरोधात काढतात."

"कायद्यात लिहिलंय का तसं?"

रघुवीरने खरोखरच दोन क्षण आठवून पाहिलं. नव्हतं लिहिलेलं.

पोलीस चौकीत तर आणखी गंमत. हवालदार परवानगीचा कागद भरायला बसला. "निषेध कशाचा?"

"निषेध नाही."

"मग बहिष्कार?"

"नाही हो. सरकार चांगला कायदा आणतंय, तो लवकर आणा, एवढंच सांगायचंय."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मावशी, तेवीस वर्षं बंदोबस्त करतोय. बरं वाटत नाही का तुम्हाला?"

शेवटी त्याने 'इतर' असं लिहिलं, आणि मोर्चा निघाला. लालबाग-परळच्या बायका, कुणाची लेक कॉम्प्युटरवर, कुणाची सून, कुणी नुसतीच मालनच्या शब्दाखातर. पुष्कळ वर्षांनी आझाद मैदान, पुष्कळ वर्षांनी ती धूळ. बायकांना अगदी माहेरी आल्यासारखं झालं. डबे सुटले, पदर खोचले गेले. रघुवीर टाय सैल करून कडेला उभा, त्याच्याजवळ वर्तमानपत्रांची चार-पाच पोरं.

मालन पुढे झाली. मूठ वर गेली. तो जुना आवाज छातीतून निघाला:

"नवा कायदा, नवा कायदा..."

आणि मागून एकमुखाने, दोन दशकं साठवून ठेवल्यासारखा, मैदान हादरवणारा आवाज आला:

"रद्द करा! रद्द करा!"

मालन वळली. हात हलवून नको नको म्हणू लागली. बायकांना वाटलं, जोर कमी पडतोय. त्या आणखी पेटल्या. "रद्द करा! रद्द करा!" आवाज असा लागला होता म्हणता, की चाळीतल्या चंपा सावंतीणीला तर डोळ्यांत पाणी आलं. आणि खरं लाजिरवाणं पुढेच आहे: तिसऱ्या खेपेला मालनचं स्वतःचं तोंडही त्यांच्यात जाऊन मिसळलं. उभ्या जन्मात कायदा म्हटल्यावर दुसरं काही म्हटलेलंच नव्हतं. जीभ आपल्या वाटेने गेली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक छापलं: संगणक विधेयकाला गिरणगावच्या महिलांचा तीव्र विरोध. मधोमध मालनचा फोटो, मूठ वर, तोंड उघडं. फोटो मात्र झकास आला होता.

कोंडीराम पेढे घेऊन आला. "वहिनी, रक्त आहे ते रक्त! वेळेला जागं होतं." रघुवीर आला तो पेढा न घेताच बसला. मोर्चा बघून मंत्र्यांनी विधेयक आमदारांच्या समितीकडे पाठवलं होतं, आणि विरोधकांचं म्हणणं ऐकायला समितीने बोलावलं होतं कोणाला? तर श्रीमती मालन भुवड यांना.

"तिथे फक्त सांगा, की चूक झाली, आमचा पूर्ण पाठिंबा आहे," रघुवीर म्हणाला.

"तिथे फक्त सांगा, की चूक झालेली नाही," कोंडीराम म्हणाला.

दोघे गेले. मालन पेढ्यांच्या पुड्याकडे बघत बसली. सुगंधा पाठ फिरवून साड्यांच्या घड्या घालत होती, आणि तेच जास्त टोचत होतं. जे आपलं कायद्याने केलं, ते पोरीचं आपण आपल्या तोंडाने केलं, असा हिशेब ती पुन्हा पुन्हा मांडत राहिली. गिरणगावभर ऐकू जाणारा आवाज देवाने दिला, तो याच्यासाठी?

दुपारी चंपा फॉलची साडी घ्यायला आली. उंबऱ्यावर बसली, पदराशी चाळा करत म्हणाली, "मालन, एक सांगू गो? सगळ्या म्हणतात मैदानात जीभ घसरली. माझी नाय घसरली."

"म्हणजे?"

"माझी सून पण तुझ्या सुगंधाच्याच कंपनीत होती ना. रात्री तीनला पाळी सुटायची, आणि गाडी नाय. पोरी उजाडेपर्यंत जिन्यावर बसून राहायच्या. एकदा रखवालदार दारू पिऊन आला, तेव्हा सगळ्या न्हाणीघरात कडी लावून उभ्या. तुला नाय सांगितलं सुगंधाने?"

मालनने सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाने खिडकीकडे.

"सांगितलं असतं तर तू पाठवलं असतंस?" सुगंधा म्हणाली. "आये, मला ते काम पाहिजे. जिना नको. पण दोन्ही एकदम मागितलं तर कामच जाईल, म्हणून गप बसलो सगळ्या."

मालनने चंपाची साडी तिच्या हातात दिली. कोंडीरामचं दार उघडण्याबद्दलचं बोलणं तिला आठवलं, आणि म्हातारा अगदीच खुळा नाही, हे कबूल करणं जिवावर आलं. मग तिने सभेतलं ते विधेयकाचं गुळगुळीत पुस्तक मुलीकडून मागून घेतलं. "ह्यात गाडीचं कुठे लिहिलंय, वाचून दाखव."

सुगंधाने वाचलं. विजेचं होतं, जागेचं होतं, करांचं होतं. रातपाळीला परवानगीची एक ओळ होती. गाडीचं नव्हतं.

विधान भवनात समितीची खोली, लांब टेबल, बिस्किटं. मालनला वाटलं होतं उभं राहिलं की आवाज आपोआप निघेल. पण समोर मैदान नसलं की तो आवाज निघतच नाही. वायंडिंग खात्यापासून सुरू झाली आणि रिळांतच गुंतली. एक आमदार घड्याळ बघू लागले. तिने पाणी घेतलं, पदराने कपाळ पुसलं, आणि घरी बोलते तशी बोलली. पोरींना रात्री काम करू द्या. जिला नको तिच्यावर सक्ती नको. आणि पाळी सुटली की घराच्या दारापर्यंत गाडी, हे कायद्यात लिहा. कंपनीच्या मर्जीवर नको.

रघुवीर शेजारीच होता. अध्यक्षांनी त्याला विचारलं, संघटनेला चालेल का? त्याला वरून असं काही सांगितलेलं नव्हतं. त्याने टायची गाठ चाचपली, मालनकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाला, "चालायला हवं." त्या दोन शब्दांबद्दल त्याला नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं, असं म्हणतात.

पुढच्या अधिवेशनात विधेयक पास झालं, गाडीच्या ओळीसकट. सुगंधा परत रात्रीला लागली. कोंडीराम अजून म्हणतो, की हा विजय विरोधाचा; रघुवीरची संघटना म्हणते पाठिंब्याचा. दोघांनीही आपापल्या अहवालात मालनचा तोच फोटो छापलाय. चाळीला कलमं-बिलमं काही आठवत नाहीत. चाळ सांगते ती समितीच्या खोलीतली शेवटची गोष्ट. अध्यक्ष कंटाळून म्हणाले होते, "बाई, पेपर म्हणतो तुम्ही विरोधात, हे गृहस्थ म्हणतात तुम्ही बाजूने. मला इथे एकच शब्द लिहायचाय. काय लिहू?"

मालन म्हणाली, "साहेब, पोरगी द्यायची नसली की आम्ही पाव्हण्यांना चहा पाजून वाटेला लावतो. द्यायची असली की मग बोलणी करायला बसतो, आणि बोलणी करताना आवाज चढतोच. तुम्ही लिहा, बोलणी चालू आहेत."